आज चालले

बदलापूरला मांजर्लीत, नदीच्या अंगाला एक घर होतं. त्याच्या फाटकाला शाळकरी पोरांची असते तशी दगडी पाटी टांगलेली असे. पाटीवर रोज सकाळी दोनपैकी एक वाक्य लिहिलं जाई. ‘आज चालले.’ किंवा ‘आज चालले नाही.’ मी त्या घरात खोली भाड्याने घेतली तेव्हा पहिला आठवडाभर रोज ‘आज चालले नाही’ असंच होतं. मला वाटलं, घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं असावं आणि त्याच्या पायांची ही खबर असावी. घरमालकीणबाईंना, म्हणजे काकूंना, मी हळूच विचारलं, “दुखणं किती दिवसांचं?”

काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “लग्न झाल्यापासूनचं.”

दुखणं म्हणजे इंजिन. परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ते उभं होतं आणि काकूंचे यजमान ते करंजाच्या तेलावर चालवू पाहत होते. त्यांना सगळं गाव मालक म्हणे, मीही मालकच म्हणत असे. त्यांचं खरं नाव एका सरकारी कागदावर आहे, माझ्या अक्षरात. त्या कागदावर जे लिहिलंय ते खोटं आहे, हे सांगण्यासाठीच या वयात लिहायला बसलोय. नाव पुन्हा लिहीत नाही.

मालक रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. लढाईच्या काळात पेट्रोल मिळेना, तेव्हा पाठीवर कोळशाची शेगडी घेऊन चालणाऱ्या मोटारी त्यांनी पाहिल्या आणि त्यांच्या डोक्यात ते शिरलं. पुढे नोकरी सोडली. नदीच्या काठाने करंजाची झाडं रांगेने उभी होती, शेंगा पडून कुजत होत्या. मालक म्हणत, “तेल बोटीतून येतं, मग आगगाडीतून येतं, मग बैलगाडीतून येतं. आणि इथं डोक्यावर पडतंय ते आपण झाडून टाकतो.” शेंगा गोळा करणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसत. त्यांतली एक म्हातारी तर समोरच सांगे, “मालक, ये तेल त खरजेला लावतान. मशीनला खरूज झालीये का?”

गावातल्या तेल्याने एकदाच करंज घाण्याला लावले. त्यानंतर महिनाभर त्याचं शेंगदाण्याचं तेल कुणी घेईना, इतका तो कडू वास लाकडात बसला. मग मालकांनी स्वतःचा घाणा घातला. वर्षानुवर्षं त्या वासात राहून त्यांचं नाक मेलं होतं. चुलीवर भात करपला तरी ते शांतपणे तिथेच बसून राहत. काकू म्हणत, “यांच्या नाकाचा उपयोग चष्मा ठेवण्यापुरता.” यावर मालक चष्मा काढून नाकाकडे बघितल्यासारखं करत आणि पुन्हा लावत. त्यांचं मेलेलं नाक पुढे काय करणार होतं, हे आम्हा तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

इंजिन आणलं होतं उल्हासनगरहून, कॅम्प एकमधून. लष्कर उठून गेलं होतं आणि त्यांच्या बराकींत सिंधी कुटुंबं राहायला आली होती. लष्कराने टाकलेल्या लोखंडावर तिथे एक शेठ बसला होता. स्वतःचं घरदार पलीकडे टाकून आलेला, पण बोलायला मिस्कील. मालकांबरोबर मी वायसर, नळ्या असलं सामान आणायला दोन-चारदा गेलो. शेठ मालकांना खाटेवर बसवी, पापड-पाणी देई आणि सुरू करी.

“मालक साईं, ये मिलिट्री का मशीन है. उसको तुम दिये का तेल पिलाता?”

“पीता है,” मालक म्हणत.

“रोज पीता है?”

“रोज नहीं. आज नहीं पिया.”

शेठ माझ्याकडे वळून म्हणे, “देखा? दूसरा होता तो बोलता, रोज पीता है, दो मशीन और दो. ये आदमी धंदे के लायक नहीं है.” आणि मालकांच्या गुडघ्यावर थाप मारी.

हीच तर त्यांची तऱ्हा होती. न चालल्याचं लपवावं हे त्यांना सुचतच नसे. ती पाटी त्यासाठीच होती. मी एकदा म्हणालो, “निदान ‘नाही’ तरी लिहू नका, पाटी कोरी ठेवा.” ते म्हणाले, “मग ‘चालले’वर कोण विश्वास ठेवेल, बीएस्सी?” मला ते बीएस्सीच म्हणत. त्यांच्या भाचीला बघायला पाहुणे आले होते, तेव्हा कुणीतरी विचारलं, मुलीला शिवण येतं का. मालक म्हणाले, “नाही. आणि शिकेल असंही दिसत नाही.” काकूंनी ओट्यापाशी कपाळाला हात लावला. लग्न झालं, कारण मुलाच्या बापाला वाटलं, इथे बाकीचं सांगितलेलं तरी खरं असणार.

काकू त्यांना दिवसभर टोमणे मारत. एका पावसाळ्यात नदी परसात आली. मालकांनी साखळी घेऊन आधी इंजिन करंजाच्या खोडाला बांधलं. काकू ओरडल्या, “अहो, गाय!” मालक म्हणाले, “गाय पोहेल. इंजिन पोहेल का?” गाय पोहली आणि इंजिनही राहिलं. काकूंनी ती गोष्ट पुढे वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितली. सांगताना मात्र शेवटी एक वाक्य असे, “पण माणूस खोटं बोलायचा नाही हो. डोक्याने अर्धा असेल, जिभेने पुरा आहे.” सगळ्या टोमण्यांच्या तळाशी हा एवढा एक अभिमान होता. मला तो दिसत होता. दिसत असूनही मी जे केलं ते केलं.

मी अंबरनाथच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत होतो, नुकताच लागलेला. मालक मला तेलाच्या बाटल्या देत आणि मी त्या डब्याच्या पिशवीत लपवून नेई. वरिष्ठ जेवायला गेले की तपासून घेई. तेलातलं आम्ल किती, दाटपणा किती, पेट कोणत्या उष्णतेला घेतं, हे मी चिठ्ठीवर लिहून आणी. मालक ती चिठ्ठी पोथीसारखी वाचत. खरी अडचण दाटपणाची होती. उन्हाळ्यात इंजिन बरं चाले. थंडीत तेल इतकं घट्ट होई की नळीतून उतरेच ना. बाहेरचे जाणकार सांगत, सुरुवात रॉकेलवर करा आणि इंजिन तापलं की करंजावर घ्या. मालकांना ते मान्य नव्हतं. “खेड्यात जिथं रॉकेलच मिळत नाही तिथं सुरुवात कशावर करायची? एकदा टेकू दिला की लोक टेकूच लक्षात ठेवतात.”

त्यांनी सरकारला किती पत्रं लिहिली असतील! अखेर एका पत्राला उत्तर आलं. एक अधिकारी मुंबईहून येऊन प्रयोग पाहणार होते. पटला तर आसपासच्या काही गावांत पाण्याच्या पंपांसाठी करंजतेलाची इंजिनं बसवून बघायची, असा विचार होता. अट एकच होती, तेलात दुसरं कोणतंही इंधन मिसळायचं नाही. त्या अटीखाली मालकांनी सही करून कागद परत पाठवला. तारीख आली ती नेमकी कडाक्याच्या थंडीतली.

चार दिवस आधी त्यांनी सकाळी इंजिन चालवून पाहिलं. तासभर हँडल मारलं. तेल नळीत मेणासारखं बसलं होतं. त्या दिवशी पाटीवर आलं, ‘आज चालले नाही.’ दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मालक शांत होते. “निघेल काहीतरी,” म्हणत. मी शांत नव्हतो. या माणसाने उभं आयुष्य ज्यात घातलं ते एका परक्या माणसासमोर हँडल मारता मारता संपणार, हे मला बघवणार नव्हतं.

आदल्या दिवशी दिवेलागणीला मालक पाहुण्यांसाठी खुर्च्या आणायला गेले होते. काकू देवळात नारळ बोलायला गेल्या होत्या. माझ्या स्टोव्हसाठी आणलेलं रॉकेल खोलीत होतं. त्यातल्या दोन बाटल्या मी शेडमधल्या तेलाच्या टाकीत ओतल्या आणि काठीने ढवळलं. तेल पातळ झालं. करंजाच्या वासापुढे रॉकेलचा वास गार हवेत जवळजवळ कळत नव्हता. शिवाय मालकांना नाक नव्हतंच. मला पाप केल्यासारखं वाटलं नाही. आजाऱ्याला न सांगता दुधातून औषध दिल्यासारखं वाटलं.

सकाळी उठून शेडमध्ये गेलो आणि जागीच थांबलो. इंजिनाशेजारी काकूंचा बंब उभा होता. न्हाणीतला तांब्याचा बंब, त्यांच्या वडिलांनी लग्नात दिलेला. त्याला काकू कुणाला हात लावू देत नसत. चिंचेने स्वतः घासत. बंब पेटला होता. टाकीतून निघालेली तांब्याची नळी बंबाच्या गरम पाण्यातून चार वळसे घेऊन इंजिनात गेली होती. मालकांचा चेहरा उजळला होता. “हिनं दिला. पहाटे स्वतः उठून म्हणाली, घ्या, अंघोळ गार पाण्याने करीन. बघ, तेल पाण्यासारखं उतरतंय. इतकं सोपं होतं बघ, बीएस्सी.”

मी टाकीकडे पाहिलं. रॉकेल मिसळलेलं तेल तापवलं की रॉकेलची वाफ होऊन वास सुटतो, हे कॉलेजात शिकलेला तिथे मी एकटाच होतो. टाकी रिकामी करायला वेळ होता का? होता. काय सांगून करू, हे सुचेना. तेवढ्यात काकू ताम्हण घेऊन आल्या. इंजिनाला हळदकुंकू लावायचं होतं. मालक हसून बाहेर गेले आणि त्यांच्या मागोमाग मीही निघालो. काकू शेडमध्ये एकट्याच होत्या. मग मोटार आलीच.

इंजिन तिसऱ्या हँडलला लागलं. पंपाच्या तोंडातून पाणी आलं आणि पाटात धावलं. अधिकारी सज्जन होते. त्यांनी पाण्यात हात धरून पाहिला आणि मालकांना म्हणाले, “मी तर न चालण्याचा रिपोर्ट लिहायचा म्हणूनच आलो होतो.” मग नमुना न्यायला त्यांनी इंजिनाजवळची चावी सोडली आणि वाटीत तेल घेतलं. तेल वाफाळत होतं. त्यांनी वाटी नाकाशी नेली.

“यात रॉकेल आहे.”

मालक हसले. “शक्य नाही, साहेब.”

साहेबांनी खिशातून काडेपेटी काढली, पेटती काडी वाटीवर धरली. करंजाचं तेल असं पेट घेत नाही; मीच ते चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. वाटीवर भपकन निळसर ज्योत उठली.

मालकांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त त्या हसण्यामागचा माणूस निघून गेला. मी तोंड उघडलं होतं, हे मला नक्की आठवतं. मालकांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी काकू पोह्यांच्या बश्या घेऊन उभ्या होत्या. मालकांनी त्यांच्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग साहेबांकडे वळले आणि म्हणाले, “मी ओतलं.”

इतकी वर्षं झाली, पण ते दोन शब्द मी विसरलो नाही. पाटीवर रोज ‘नाही’ लिहिणारा माणूस ते बोलत होता. जिने डोकं अर्धं आणि जीभ पुरी म्हणून त्यांचा हिशेब मांडला होता, तिने पोह्यांच्या बश्या दारातच खाली ठेवल्या. मी गप्प राहिलो. धक्का बसला होता हे खरं. कारखान्यात चोरून तपासण्या केल्याचं बाहेर येईल ही भीती होती, हेही खरं. पण खरं कारण याहून लहान आहे. त्यांनी कबूल केलं त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं.

साहेब म्हणाले, जबाब लिहून घ्यावा लागेल. माझ्याकडे बघून विचारलं, “अक्षर चांगलं आहे का?” मी लिहिला. ‘प्रयोग यशस्वी दिसावा म्हणून मी स्वतः तेलात रॉकेल मिसळले.’ खाली मालकांची सही. साक्षीदार म्हणून माझी.

मोटार गेल्यावर मालकांनी काय केलं असेल? टाकी रिकामी केली. आतून फडक्याने पुसली, नळ्या सोडून धुतल्या. नवं तेल भरलं, बंबाखाली कोळसे घातले आणि हँडल मारलं. इंजिन लागलं. निव्वळ करंजावर. बघायला मी सोडून कुणी नव्हतं. तेल संपेपर्यंत, दुपार कलेपर्यंत, ते पाटातलं पाणी बघत उभे होते. माझे दोन हात तेव्हा तोडून टाकावेत असं मला वाटलं. रॉकेलची गरजच नव्हती. काकूंचा बंब पुरला असता.

मग त्यांनी फाटकावर जाऊन लिहिलं, ‘आज चालले.’ काकू मागोमाग गेल्या, ओल्या हाताने पाटी पुसली आणि काही न बोलता आत आल्या. मालकांनी पुन्हा लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पाटी काढली.

त्या दिवसापासून काकूंनी टोमणे मारणं बंद केलं. “जेवायला वाढलंय,” एवढंच म्हणत. भात करपला तर मुकाट्याने खाली उतरवत. त्या घरातली शांतता मला सहन होईना. दोन महिन्यांत मी खोली सोडली. त्या साहेबांनी माझं अक्षर लक्षात ठेवलं होतं; त्यांच्याच खात्यात मला मुंबईला नोकरी मिळाली. जाण्याआधी मालकांबरोबर कॅम्पात गेलो होतो, इंजिन शेठला परत द्यायला. शेठने सगळं ऐकून घेतलं आणि मालक नळ्या मोजत असताना मला बाजूला घेतलं. “ये आदमी ने नहीं डाला. मेरे को मालूम है, तुमको भी मालूम है.” त्याला काही ठाऊक असणं शक्य नव्हतं. तरी मी नजर खाली घातली.

दोनेक वर्षांनी मालक मुंबईला माझ्या कचेरीत आले. वालाच्या शेंगा आणल्या होत्या. वाळले होते. चहा पिता पिता म्हणाले, “तुला म्हणून सांगतो, बीएस्सी. कुठं बोलू नकोस. त्या दिवशी रॉकेल हिनं ओतलं होतं. हळदकुंकवाला एकटीच आत गेली होती ना. बंब दिला, तरी जीव राहिला नसेल. माझ्या अब्रूसाठी बिचारी आयुष्यात पहिल्यांदा लबाडी करायला गेली. तिचं नाव सरकारी कागदावर कसं येऊ देऊ?”

मी कपबशी खाली ठेवली. “तुम्ही काकूंना विचारलंत?”

“विचारून काय करू? खोटं बोलली तर मला ऐकवणार नाही. खरं बोलली तर तिला सोसणार नाही. तेव्हापासून बोलतच नाही बघ. मनाला लावून घेतलंय.”

म्हणजे काकू त्यांना लबाड समजून गप्प होत्या आणि ते काकूंना अपराधी समजून गप्प होते. दोघंही एकमेकांना सांभाळत होते. आणि ज्याने बाटल्या ओतल्या, त्याच्यासमोर वालाच्या शेंगा ठेवलेल्या होत्या. मी म्हणालो, “असेल तसं.” आणि त्यांना स्टेशनपर्यंत सोडायला गेलो.

नोकरीत माझ्या टेबलावर तेलबियांवर इंजिनं चालवण्याच्या सूचना अधूनमधून येत. प्रत्येक वेळी जुनी फाईल निघे, त्यातला तो जबाब निघे, आणि मी शेरा मारी, ‘पूर्वानुभव समाधानकारक नाही.’ माझंच अक्षर मला पुरावा म्हणून पुरे. आता म्हातारपणी वर्तमानपत्रात वाचतो की करंजाच्या तेलावर गाड्या चालवायचं मोठमोठे लोक ठरवतायत, रोपं लावतायत. वाचून पेपर घडी करून ठेवतो. बदलापूरला एका माणसाने ते चालवलं होतं. त्याने कधी रॉकेल मिसळलं नाही. त्याच्या बायकोनेही नाही. मी मिसळलं.

हे सांगायची शेवटची संधीही मला मिळाली होती. मालक गेल्याचं कळल्यावर तेराव्याला मी मांजर्लीला गेलो. माणसं पांगल्यावर काकूंनी मला ओटीवर बसवून घेतलं. त्यांच्या मागे न्हाणीचं दार उघडं होतं. आत बंब होता, काळा पडलेला. चिंच लागून वर्षं झाली असावीत.

“तू शिकलेला आहेस, म्हणून विचारते,” त्या म्हणाल्या. “ते इंजिन त्या तेलावर खरंच चालायचं का रे? त्या दिवशी मोटार गेल्यावर दुपारभर आवाज येत होता. मी धरून चालले, तेही रॉकेलच असणार.”

“नाही, काकू. ते निव्वळ करंजावर चाललं. मी तिथेच होतो.”

त्यांनी मागे वळून न्हाणीकडे पाहिलं.

“बंब दिला होता मी,” त्या म्हणाल्या. “चालणारच होतं, तर मग त्यांनी ओतलं कशाला?”

मी उठलो, चपला पायात घातल्या आणि म्हणालो, “काकू, माझी गाडीची वेळ झाली.”

गाडीला अजून पाऊण तास होता.